नळ चावतो म्हणून पारशिवनीकडे

पेंचच्या रस्त्याला लागणारे लोक वाघ बघायला जातात. आम्ही दोघे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच रस्त्याने एक नळ बघायला गेलो. वाघ दिसेलच अशी हमी कोणी देत नाही. आमच्यापैकी एकाला मात्र नळात काहीही सापडणार नाही याची पुरेपूर हमी होती.

ते म्हणजे प्रल्हादजी मेश्राम. वय एकसष्ट, पेशा वायरमन, मुक्काम आमच्या मागच्या गल्लीत. नागपूर आणि कामठीतली किती घरं त्यांनी आपल्या हाताने उजळली याची मोजदाद त्यांनी ठेवलेली नाही. आमचंही घर त्यात आहे. मी संस्कृतात एम.ए. केलं आणि पुढे तीस वर्षं वर्तमानपत्रात बातमीदारी केली. या दोन्हींचा उपयोग बल्ब बदलायलाही होत नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे. ते मला पंडितजी म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी अजून वेगळं करू शकलेलो नाही.

बुधवारी संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला बसले असताना त्यांच्या बहिणीचा फोन आला. शांताबाई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, पारशिवनीच्या पुढे एका खेड्यात असतात. गावाचं नाव लिहू नका अशी त्यांची अट आहे, म्हणून लिहीत नाही. प्रल्हादजींना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि गल्लीला त्यांच्या घरचं सगळं ठाऊक असतं. शांताबाई म्हणाल्या, "दादा, रविवारी पोरगी येऊन राहिली, नातीले घेऊन. चार वर्साची हाय ते. दिवसभर पान्यात खेळते. तू येऊन नळ पाहून जा, नाई तं मी पोरीले येऊ नोको म्हनतो."

नळाचं प्रकरण जुनं होतं. दोन उन्हाळ्यांपासून शांताबाई सांगत होत्या की मोरीतला नळ चावतो. हात लावला की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. यजमान गोविंदरावांनी अनेकदा नळाला हात लावून पाहिला, त्यांना काही लागलं नाही. पारशिवनीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली आणि साखरेत हातापायाला मुंग्या येतातच असं सांगून गोळ्या दिल्या. प्रल्हादजींनीही दोन्ही वर्षं फोनवरच 'काही नाही' असं निदान करून टाकलं होतं. शांताबाईंनी मग वाद सोडला आणि नळही सोडला. रस्त्यापलीकडच्या हातपंपावरून त्या पाणी आणू लागल्या. फाल्गुनात कळशीसकट पडल्या, तेव्हापासून उजव्या मनगटाला पट्टा आहे.

फोन ठेवल्यावर प्रल्हादजी हसले. "ते घर माह्या हातचं हाय, पंडितजी. तिच्या लग्नात मी तिले भांडे नाई देल्ले, वायरिंग देल्ली." पण नातीला येऊ नको म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली म्हटल्यावर बहिणीचं मन राखणं भागच होतं. त्यांच्या गुडघ्याला बसचे चढउतार सोसत नाहीत. माझी मोटारसायकल घरी उभी होती आणि मीही.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. नागपूरहून कामठी, कन्हान आणि पुढे पारशिवनीचा फाटा असा रस्ता आहे. दीड तास धरा, मागे साठीचा माणूस बसला असेल तर दोन. एप्रिलात साडेपाचला निघा. नऊनंतरचं ऊन हेल्मेटच्या आत कुकरसारखं शिजवतं. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा थोडी जास्त लागते. किती, ते साखळीच्या झाकणावर छापलेलं असतं. माझ्या गाडीला बारा वर्षं झाली, आणि ती अक्षरं मी पहिल्यांदा वाचली ती त्या पहाटे, प्रल्हादजींनी टॉर्च धरल्यावर. हवा निघतानाच भरा, टायर तापल्यावर मोजलेला आकडा खोटा येतो. साखळी मधोमध बोटाने उचलून बघा, इंचभर हलली पाहिजे. ताठ साखळी चांगली वाटते आणि खड्ड्यात तुटते. प्रल्हादजींनी हे मला पंपावर सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. पंपावरच्या बाईंनी सहानुभूतीने माझ्याकडे बघितलं.

कामठी ओलांडताना यंत्रमागांचा आवाज सुरू झालेला होता. छावणीच्या बाजूची झाडं अजून गार होती. कन्हानच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही तर्री पोहे खाल्ले. नागपूर सोडलं की तर्री सौम्य होते हा समज चुकीचा आहे, एवढं तिथल्या तर्रीने डोळ्यांतून पाणी काढून सिद्ध केलं. दोघांचे पोहे, वर एक आलुबोंडा आणि दोनदा चहा, सगळं शंभराच्या आत.

निघताना किल्ली फिरवली तर हॉर्न गप्प, इंडिकेटर गप्प, सेल्फ गप्प. किक मारल्यावर इंजिन मात्र सुरू झालं. जुन्या गाड्यांचं हे एक बरं असतं, बॅटरी रुसली तरी त्या चालतात. पण वाळूच्या ट्रकांच्या रस्त्यावर हॉर्नशिवाय जायला प्रल्हादजी तयार नव्हते. टपरीवाल्याने तत्परतेने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढून पुढे केली. फ्यूजला गुंडाळा, म्हणाला, गाडी जबलपूरपर्यंत जाईल.

प्रल्हादजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती चांदी परत पाकिटात घातली. मग बाकड्यावर बसून ते मला, म्हणजे खरं तर त्यालाच, सांगू लागले. फ्यूज जळतो म्हणजे तो आपलं काम करतो. कुठेतरी तार उघडी पडली आहे, एवढीच त्याची बातमी. बातमी देणाऱ्यालाच बंद करून टाकलं तर पुढे तार पेटते आणि तारेच्या वर पेट्रोलची टाकी असते. बातमीदारांविषयी इतकं चांगलं मी क्वचितच ऐकलंय.

दोष सापडायला दहा मिनिटं लागली. हँडलच्या खाली, जिथे वायरींचा जुडगा चेसिसमध्ये शिरतो, तिथे एक तार घासून उघडी झाली होती. तार जिथे हलते तिथेच ती तुटते, म्हणून आधी तिथे बघायचं, असं त्यांचं शास्त्र. हँडल डावीकडे वळवलं की तांबं लोखंडाला टेकत होतं. त्यांनी टेप गुंडाळली, जुडगा थोडा सैल करून बांधला आणि फ्यूजच्या डबीतच ठेवलेला जादा फ्यूज लावला. तो तिथे असतो हेही मला बारा वर्षं ठाऊक नव्हतं. तुम्ही आपल्या गाडीची डबी आज उघडून पाहा. जादा फ्यूज नसेल तर दुकानातून तेवढ्याच अँपिअरचा आणून ठेवा, त्याहून मोठा नको.

फाट्यावरून आत वळलं की ट्रक संपतात. दोन्ही बाजूंनी कापूस निघून गेलेली मोकळी शेतं, मिरच्या वाळत घातलेली खळी, मधूनच मोहाची झाडं आणि खाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाया. त्या वासात पंधरा मिनिटं गाडी चालवली की आपण उगाचच कोणाशीही चांगलं वागू लागतो. प्रल्हादजी मागून बोलत होते. शांताबाई लहानपणी अंधाराला भ्यायच्या, झुरळाला भ्यायच्या, आता नळाला भितात, असा त्या बोलण्याचा सारांश होता. बोलताना ते हसत होते. मीही हसलो. हे लिहून ठेवतो, कारण पुढे त्याची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी आठला पोचलो. घर पक्कं, समोर कडुनिंब, खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर, खसाच्या ताट्या नव्या लावलेल्या. गोविंदराव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, आता निवृत्त आहेत आणि आराम या विषयात प्रावीण्य मिळवत आहेत. शांताबाईंनी पाणी दिलं, डाव्या हाताने. प्रल्हादजी बसलेसुद्धा नाहीत. खिशातला टेस्टर काढून सरळ मोरीत गेले आणि नळाला लावला. टेस्टरमधला दिवा लागला नाही. त्यांनी पाइपला लावला, दुसऱ्या नळाला लावला, अंधारच. बोर्ड उघडून पाहिला, तारा जिथल्या तिथे. शांताबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

प्रल्हादजी म्हणाले, "शांते, काहीच नाई वं. गोळ्या घेत जा टायमावर."

गोविंदराव विजयाने माझ्याकडे वळले. माझंही शंभरदा पाहून झालं, म्हणाले, हाक मारली की उठून जातो बिचारा. शांताबाई आत गेल्या. थोड्या वेळाने त्या फोनवर लेकीशी बोलताना ऐकू आल्या. उन्हाळा फार आहे, पोरीला सोसणार नाही, या खेपेला राहू दे, असं काहीतरी चाललं होतं. आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणू विचारावं तसा.

जेवण सांगायलाच हवं. पाटवड्यांचा रस्सा, ज्वारीची भाकर, ठेचा, भात, आणि कैरीचं पन्हं. मनगटाला पट्टा असताना हे सगळं कसं केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही, चवीत गुंतलेले तीन पुरुष, विचारलं नाही. जेवल्यावर गोविंदरावांनी कूलर सुरू केला. खसाचा गार वास सुटला, त्यांनी बाजेवर अंग टाकलं, प्रल्हादजी चटईवर आडवे झाले. मी हात धुवायला मोरीत गेलो.

मोरी ओली होती. पाहुण्याच्या संकोचाने चपला मी दारातच काढल्या होत्या, त्यामुळे पाय उघडे. नळाला हात लावला.

ज्यांना कधी विजेचा झटका बसला नाही त्यांना सांगतो, तो चावण्यासारखाच असतो. शांताबाईंनी दोन वर्षं जो शब्द वापरला त्यात दुरुस्तीला जागा नाही. कोपरापर्यंत काहीतरी धावत गेलं आणि हात आपोआप मागे आला. मी वळून पाहिलं. मागे शांताबाई उष्टी भांडी घेऊन उभ्या होत्या, हातपंपावर निघालेल्या.

"चावला नं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी भांडी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. त्यांनी फक्त पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "मले वाटलं होतं का मीच येडी झाली."

मी जाऊन प्रल्हादजींना उठवलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "पंडितजी, तुम्हाले बी शुगर हाय का?" पण माझा चेहरा पाहिला आणि उठून बसले. आमच्या आवाजाने गोविंदरावही जागे झाले. आणि मग त्यांनी जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं म्हणून बरं. ते बाजेवरून उठले, भिंतीवरचं कूलरचं बटण बंद केलं, कारण उठल्यावर कूलर चालू ठेवणं म्हणजे वीज वाया घालवणं, मग पायात रबरी चप्पल सरकवली, मोरीत गेले, नळाला हात लावला आणि म्हणाले, "हे पाहा, काई नाई."

दोन उन्हाळे हे असंच चाललं होतं. शांताबाई दुपारची भांडी घासायला बसत तेव्हा कूलर चालू असे आणि यजमान झोपलेले असत. झटका बसला की त्या हाक मारत. यजमान काटकसरीचे, कूलर बंद करूनच येत, आणि पायात रबर घालून येत. रोग बंद करून रोग तपासायला येणारा इतका शिस्तीचा माणूस मी पाहिलेला नाही. सकाळी आठ वाजता प्रल्हादजींनी टेस्टर लावला तेव्हाही कूलर बंदच होता.

मी म्हटलं, कूलर लावा आणि कोणी हात लावू नका. प्रल्हादजींनी चप्पल घातली, कोरडं पोतं पायाखाली घेतलं आणि टेस्टर नळाला टेकवला. दिवा लागला. कूलर बंद केला, दिवा विझला. तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा करायची गरज नव्हती, तरी त्यांनी केलं.

आम्हा संस्कृतवाल्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात की ज्ञान मिळवायची साधनं कोणती. डोळ्यांनी पाहणं, पाहिलेल्यावरून अंदाज बांधणं, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवावा अशा माणसाचं सांगणं. हे तिसरं साधन मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. त्या घरात चौघांपैकी जी एकटी रोज नळाजवळ बसत होती, तिचं सांगणं आम्ही दोन वर्षं कशातच धरलं नाही.

प्रल्हादजींनी मेन स्विच पाडला आणि शोध सुरू केला. कूलरमधल्या पाण्याच्या मोटरीतल्या तारांचं वेष्टण खराब झालं होतं, तिथून वीज कूलरच्या पत्र्यावर येत होती. हे नेहमीचं आहे. अशा वेळी ती पत्र्यावरून अर्थिंगच्या तारेने जमिनीत निघून जायला हवी, आणि फ्यूज उडायला हवा. ती तार कुठे जाते ते पाहत ते बोर्डापासून भिंतीभिंतीने मोरीपर्यंत आले. हिरवी तार नळाच्या लोखंडी पाइपला पट्टीने आवळलेली होती. तारेचे सात वेढे, शेवटचं टोक आत मुडपलेलं. त्यांनी ते वेढे बोटाने मोजले.

"हे माहंच काम हाय," ते म्हणाले.

तेव्हा सगळेच असं करत. गावाच्या नळयोजनेचा लोखंडी पाइप शेकडो फूट ओल्या मातीतून यायचा, त्याच्याइतकं चांगलं अर्थिंग कुठलं? वेगळा खड्डा कोण खणणार? त्यांनी ते प्रेमाने केलं होतं, बहिणीचं घर म्हणून वेढे जास्त दिले होते. ते बाहेर अंगणात गेले, भिंतीशी माती उकरली. भिंतीबाहेर वीतभर लोखंड आणि पुढे निळा प्लास्टिकचा पाइप. ग्रामपंचायतीने दोन वर्षांपूर्वी गावाची सगळी लाइन बदलली होती. जमिनीशी नातं तुटलं होतं. कूलरची वीज जायला दुसरी वाट नव्हती, ती घरातल्या लोखंडात नळापर्यंत येऊन थांबत होती. ओल्या फरशीवर अनवाणी कोणी हात लावला की त्याच्यातून वाट मिळत होती. मोटर अजून थोडी खराब झाली असती, फरशी अजून थोडी ओली असती, आणि हात चार वर्षांच्या मुलीचा असता. गोविंदराव ओट्यावर बसले आणि कितीतरी वेळ त्यांनी बिडीसुद्धा पेटवली नाही.

प्रल्हादजी बहिणीसमोर जाऊन उभे राहिले. "शांते, चूक माही हाय."

शांताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला केलं नाही. "वायर लावल्याचं काई नाई म्हनत मी, दादा," त्या म्हणाल्या. "तवा ते बरोबरच होतं. मी फोन करो, तं तू हासे."

प्रल्हादजी हातावरची माती झटकत मला म्हणाले, पंडितजी, गाडी काढा, दुकान बंद व्हायच्या आधी पारशिवनी गाठू.

पारशिवनीच्या हार्डवेअर दुकानात अर्थिंगचा पाइप, तांब्याची जाड तार, कूलरची नवी मोटर, कोळसा आणि खडा मीठ घेतलं. पाइप माणसाच्या दीडपट लांब. दुकानदार म्हणाला, मागे बसणाऱ्याने धरला की झालं, सगळे असेच नेतात. नेत असतील. वळणावर तो पाइप आधी समोरच्याच्या पोटात आणि नंतर आपल्या पोटात जातो. आम्ही तो मालवाहू ऑटोत घातला आणि मागोमाग गेलो. दुसरी एक वस्तू घेतली, तिला इकडे ईएलसीबी म्हणतात. भिंतीवरच्या बोर्डात छोटी डबी बसते. वीज माणसातून किंवा भलत्या वाटेने जाऊ लागली की ती क्षणात सगळं बंद करते. घरात एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटत होतं. एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी ही दुसरी डबी लागते. तिच्यावर एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून ती जिवंत आहे का बघायचं.

खड्डा शनिवारी सकाळी सहाला सुरू झाला. गोविंदरावांनी पहार कोणाला घेऊ दिली नाही. पोटरीपर्यंत कडक मुरूम होता, पाणी ओतत, उकरत, पुन्हा पाणी ओतत ते खाली गेले. दोन वर्षं दुपारच्या झोपेत साठवलेली सगळी ताकद त्यांनी त्या खड्ड्यात घातली असावी. मी माती ओढायचं काम केलं आणि दर दहा मिनिटांनी कंबर सरळ केली. पाइप उभा करून भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. वरून बादलीभर पाणी. उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात पाणी घालायचं, माती कोरडी पडली की अर्थिंगही कोरडं पडतं. हे प्रल्हादजींनी गोविंदरावांना सांगितलं नाही. शांताबाईंना सांगितलं, आणि त्यांनी एकदा परत म्हणून दाखवलं.

जुनी पट्टी प्रल्हादजींनी स्वतः सोडवली आणि अर्थिंगची तार नव्या पाइपला जोडली. कूलरची मोटर काढून ठेवली, नवी बसवली, आणि कूलरच्या पत्र्यावर खडूने ठळक लिहिलं: पाणी भरताना पिन काढा. बोर्डात नवी डबी बसवली, मग सगळं सुरू करून कूलर चालू असताना टेस्टर नळाला लावला. दिवा नाही. ते शांताबाईंना म्हणाले, आता तू बघ. त्यांनी चपला काढल्या. गोविंदराव काहीतरी म्हणायला गेले, पण प्रल्हादजींनी आधी स्वतः चप्पल काढून ओल्या फरशीवर पाय ठेवला, नळ धरला, धरून ठेवला, आणि दुसरा हात बहिणीकडे केला. शांताबाईंनी तो न धरता थेट नळालाच हात लावला. दोघं तसेच उभे होते, एका तोटीवर दोन हात.

"थंडा हाय," शांताबाई म्हणाल्या. आणि लेकीला फोन करायला गेल्या.

परतीला आम्ही चारनंतर निघालो. कन्हानच्या पुलावर गाडी हळू केली तेव्हा मागून आवाज आला. लोखंडी पाइपावर अर्थिंग घेतलेली घरं किती असतील, ते प्रल्हादजी आठवत होते. कामठीत विणकरांच्या गल्लीत आठ-नऊ. नागपूरला जास्त. त्यांच्याकडे वही नाही, पण कोणत्या घरी काम चालू असताना कोणाचं लग्न होतं, कोणाच्या घरी कुत्रं मागे लागलं होतं, हे त्यांना आठवतं. कामठी येईपर्यंत एकवीस घरं झाली होती.

एकूण प्रवास: दीड दिवस, जाऊन येऊन शंभर किलोमीटरच्या आत, पेट्रोल दोन लिटरहून थोडं कमी. पेंचचा वाघ पाहिला नाही. त्या वाटेने तुम्ही गेलात तर मोहाच्या झाडांखाली थोडं थांबा, आणि मागे बसलेल्या माणसाला गुडघे असतात हे विसरू नका.

रविवारी शांताबाईंचा फोन आला, स्पीकरवर. मागे पाण्याचा आवाज आणि एका लहान मुलीचं काहीतरी मोठ्याने चाललेलं भाषण. नात तासाभरापासून मोरीत होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. प्रल्हादजी फोन संपेपर्यंत ऐकत राहिले.

तेव्हापासून ते घरोघरी जातात. कामठीला दोनदा मीच त्यांना घेऊन गेलो. त्यांची पद्धत बदलली आहे. पूर्वी ते आधी बोर्ड उघडायचे. आता दारात घरधनी भेटला की त्याला नमस्कार करतात, तो सगळं ठीक आहे म्हणतो, ते मान डोलावतात, आणि भांडी घासणारी बाई कुठे आहे ते विचारतात. तिच्यासमोर स्टूलवर बसतात. एका घरी म्हाताऱ्या सासूबाईंनी पाऊण तास सांगितलं, त्यातला बराचसा भाग सुनेबद्दल होता. प्रल्हादजींनी सगळा ऐकला. चाळिसाव्या मिनिटाला फ्रिजच्या दाराचा उल्लेख आला.

परवा सकाळी ते आमच्याकडे आले. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे काही प्रश्न नाही, मी स्वतः सगळे नळ बघितलेत. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे बघत हाक मारली, "वहिनी, घरात कुठे चावते का काही?"

बायको हात पुसत बाहेर आली. तिला विचार करावा लागला नाही.

"वॉशिंग मशीन," ती म्हणाली. "पाय ओले असले की. दिवाळीपासून."

प्रल्हादजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मी चप्पल घातली आणि मेन स्विच पाडायला गेलो.